झाड मारायची रीत

प्रश्न : सर, मुलीच्या इंग्रजीच्या पुस्तकात गीव्ह पटेल यांची 'ऑन किलिंग अ ट्री' ही कविता आहे. 'शीर्षकातून निसर्गाचा नाश हा विषय व्यक्त होतो', एवढ्यावर गाइडनं उरकलंय. पण कवितेत तर झाड कसं मारायचं तेच सांगितलंय! मग मेळ कसा लावायचा?
— एक आई, विटा

उत्तर : ताई, गाइडवाला चुकलेला नाही, पण लांबूनच नमस्कार करून गेलाय. हे शीर्षक एखाद्या माहितीपुस्तिकेवर शोभावं इतकं कोरडं आहे आणि कविताही तोच सूर शेवटपर्यंत धरते : आधी हे करा, मग ते करा. हळहळ नाही, 'झाडे लावा' नाही. पटेल (१९४०–२०२३) मुंबईत डॉक्टरकी करत. झाडाची कातडी, त्याचं रक्त, भरून येणारी जखम ही त्याच नजरेची देणगी असावी.

गंमत पुढं आहे. शीर्षकात मारणं, आणि कवितेचा मोठा भाग मात्र झाड मरत कसं नाही यावर. घाव घातले तरी बुंध्याशी फुटवे येतातच. आमच्या साताऱ्याकडं बांधावरचा कडुलिंब तोडला, की पावसाळ्यात खोडाभोवती हिरवा झुबका. म्हणून माहीतगार माणूस कुऱ्हाडीच्या नादी लागत नाही. बुंध्याभोवती वीतभर साल गोल सोलून काढतो. पानांनी केलेलं अन्न सालीतूनच मुळांकडं उतरतं. ती वाट तुटली की मुळं उपाशी, आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. वाळक्या झाडाची चौकशी कोण करतो!

पटेलही शेवटी मुळापाशीच येतात. दोर बांधून मूळ उपसायचं, आतला पांढरा, ओला भाग उन्हावाऱ्यावर टाकायचा. इथं अंगावर काटा येतो. तोवर आपण मुकाट सूचना ऐकत आलेलो असतो, म्हणजे त्या कामावरचे गडीच.

आणि 'निसर्ग' हा फार मोघम शब्द. कवितेत एकच झाड आहे. तुमच्याच जिल्ह्यात, मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा जुना वड २०२० साली रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या आड आला, तेव्हा लोक भांडले ते त्या एका वडासाठी. रस्त्याची आखणी बदलावी लागली.

लेकीला सांगा, उत्तरात आधी सूचनांचा सूर, मग फुटवे, मग मूळ लिही. 'निसर्गाचा नाश' शेवटच्या ओळीत टाक. तपासणाऱ्याला गाइडमधलं वाक्य सापडेल, मार्कही जाणार नाहीत.