‘विश्वासणाऱ्याने रडू नये’ हे लिहिले आहे कुठे?

जोडीदार गेल्यानंतर लिहिलेली पत्रे मिरजेहून येवोत की वसईहून, त्यांतला गोंधळ बहुधा एकच असतो. मातीला आलेली माणसे जाताना एकेक वाक्य टाकून जातात आणि घरातल्या माणसाला ते वर्षभर टोचत राहते. ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळकीय समुपदेशनाच्या कामात हे इतक्या वेळा ऐकले आहे, की या वेळी काही पत्रांना एकत्रच उत्तर देते.

यजमान जाऊन पाच महिने झाले. झोप लागत नाही, स्वयंपाकात लक्ष नाही. सगळे म्हणतात, आता सावर. हे किती दिवस चालायचे? – मिरज

ताई, पाच महिने म्हणजे काहीच नाही. ‘लांबलेला शोक’ हे निदान डॉक्टरसुद्धा सहा महिन्यांच्या आत करत नाहीत. पण पाच महिने झोप नसणे ही वेगळी तक्रार आहे. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. शेजारणीने दिलेली झोपेची गोळी घेऊ नका.

सासूबाई म्हणतात, मंगळसूत्र आणि बांगड्या काढ. ख्रिस्ती माणसाला हे बंधनकारक आहे का? – जालना

नाही. ठेवायचे की काढायचे, ते तुम्ही ठरवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने २०२२ मध्ये गावाचा ठराव करून विधवांवरच्या या प्रथा बंद केल्या. मंडळीच्या घरांत त्या अजून चालू असतील, तर पाळकांनी सासूबाईंशी बोलावे.

सांत्वनसभेत मला रडू आवरेना. एक वडीलधारे सर्वांसमोर म्हणाले, “विश्वासणाऱ्याने असे रडू नये, साक्ष बिघडते.” तेव्हापासून मी न्हाणीघरात नळ सोडून रडते. माझा विश्वास कमी आहे का? – नगर

नाही, ताई. तुमचा विश्वास कमी नाही. त्या वडीलधाऱ्यांनी वचन अर्धेच वाचले आहे. आणि हे अर्धे वाचन मी इतक्या घरांत पाहिले आहे, की आज सविस्तरच लिहिते.

आधाराला नेहमी बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचा चौथा अध्याय काढतात. प्रेषित पौल तिथे म्हणतो, की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका. आपली माणसे वाक्याचा पहिला भाग गाळतात आणि ‘खेद करू नका’ एवढेच पुढे करतात. हे पत्र साधारण इसवी सन ५० च्या सुमाराचे. मंडळी नवी होती, तिच्यातली काही माणसे वारली होती आणि प्रभू येईल तेव्हा ही माणसे मागे राहतील, अशी धास्ती उरलेल्यांना होती. पौल त्या धास्तीला उत्तर देतो आहे. आणि तो परिच्छेद संपवतो कसा? या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा, असे सांगून. रडणाऱ्याला गप्प करा, असे तो कुठेही म्हणत नाही.

आता बेथानीला चला. येशूचा मित्र लाजर कबरेत जाऊन चार दिवस झालेले. थोड्याच वेळात आपण त्याला हाक मारून बाहेर बोलावणार, हे येशूला ठाऊक होते. तरीही तो रडला. पुनरुत्थान ठाऊक असलेल्याने रडणे म्हणजे अविश्वास असेल, तर त्या अश्रूंचे काय करायचे? पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन, त्याला मरण्याआधी आकाश उघडलेले दिसले. तो कुठे गेला याबद्दल कोणाला शंका उरली नव्हती. तरी प्रेषितांची कृत्ये आठव्या अध्यायात सांगतात, की भक्तिमान माणसांनी त्याला पुरले आणि त्याच्यासाठी मोठा शोक केला. लक्षात घ्या, रडणाऱ्यांनाच तिथे भक्तिमान म्हटले आहे. अब्राहाम पत्नी सारेसाठी रडला. मग उठला आणि चारशे शेकेल रुपे मोजून तिला पुरायला जमीन घेतली. त्याला विश्वासणाऱ्यांचा बाप म्हणतात.

या गोंधळाचे मूळ आणखी खोल आहे. “देह काय, मातीच, आत्मा सुटला” असे आपल्याकडे सहज बोलले जाते. मीही लहानपणी हेच ऐकले. पण विश्वासांगीकारात आपण काय म्हणतो? शरीराचे पुनरुत्थान. बायबल मरणाला सुटका म्हणत नाही, शेवटचा शत्रू म्हणते. म्हणून त्यांचा खोकला ऐकू येत नाही, चहाचा दुसरा कप कोणी उचलत नाही, खांद्यावर हात पडत नाही याचे तुम्हाला जे दुःख होते, ते देहबुद्धीचे हलके दुःख नव्हे. तोच देह देव उठवणार आहे, ही आपली आशा आहे. ज्याला किंमत आहे त्याच्यासाठीच माणूस रडते.

तेव्हा तो नळ बंद करा. मंडळीतल्या एका विश्वासू बाईला सांगा, की आठवड्यातून एकदा माझ्याजवळ येऊन बस, उपदेश नको. संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ मुकाट बसले तोवर त्यांचे बरोबर होते. चुकले ते तोंड उघडल्यावर. त्या वडीलधाऱ्यांशी तुम्ही वाद घालू नका, ते काम पाळकसाहेबांचे आहे. त्यांना हे पत्र दाखवा आणि लवकर भेटा.

एका प्रार्थनासभेतले भाऊ म्हणतात, “तुमच्या मिसेसचा निरोप प्रभूने मला दिला आहे.” त्यासाठी पाच हजारांचे ‘बीज’ पेरायला, म्हणजे देणगी द्यायला सांगतात. – ठाणे

एक रुपयाही देऊ नका. मेलेल्यांकडे विचारपूस करणे बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात साफ निषिद्ध आहे. शौल राजा मेलेल्यांना बोलावणाऱ्या एन-दोरच्या बाईकडे गेला, त्याची गत आपण वाचली आहे. रडत्या माणसाच्या खिशात हात घालणाऱ्याला मी भाऊ म्हणणार नाही. पैसे आधीच दिले असतील तर लाजू नका, आजच मुलांना आणि पाळकांना सांगा. धमकी येत असेल तर पोलिसांना. पत्नी स्वप्नात येते असेही तुम्ही लिहिले आहे. त्यात भिण्यासारखे काही नाही, पुष्कळांना येतात.

स्वर्गात आम्ही पुन्हा पती-पत्नी असू का? पतीसाठी मिस्सा (कॅथलिक प्रार्थनाविधी) सांगण्याला माझी प्रॉटेस्टंट नणंद विरोध करते. – वसई

पुनरुत्थानानंतर लग्न करत नाहीत आणि करून देत नाहीत, असे प्रभूने पुनरुत्थान न मानणाऱ्या सदूकींना सांगितले. एकमेकांना ओळखणार नाही, असे मात्र सांगितलेले नाही. पुनरुत्थित येशूने मग्दालीया मरीयेला “मरीये” अशी हाक मारताच तिने त्याला ओळखले. याच्या पुढे मी अंदाज बांधणार नाही. पतीसाठी मिस्सा सांगण्याबद्दल फादरांशी बोला. प्रॉटेस्टंट नणंदेशी त्यावर भांडू नका.

दीर म्हणतात, “प्रभूवर भरवसा असेल तर जमिनीचा लोभ कशाला? हक्कसोडपत्रावर सही कर.” दोन मुले आहेत. – श्रीरामपूर

सही करू नका. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ नुसार मृत्युपत्र नसलेल्या ख्रिस्ती माणसाची मालमत्ता एक तृतीयांश पत्नीला आणि दोन तृतीयांश मुलांना जाते. मुले असताना भावाला वाटा नाही. नॉमिनी म्हणून दिराचे नाव असले तरी तेवढ्याने ते मालक होत नाहीत. पत्रातल्या तारखांवरून दिसते, की हा दबाव आठ महिने चालू आहे. आठ महिने का थांबलात? कागद घेऊन याच आठवड्यात वकिलांना भेटा. विधवांचा समाचार घेणे हा शुद्ध धर्म, असे याकोब लिहितो. ते वचन दिरांनाही लागू आहे.

वय ७१. पत्नी गेल्यापासून रोज प्रार्थना करतो, की मलाही ने. हे पाप आहे का? – पुणे

काका, एलीया संदेष्ट्यानेही झुडपाखाली बसून हेच मागितले होते. देवाने त्याला रागावले नाही. झोपू दिले, देवदूताकरवी भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा जेवू घातले. तुम्ही आज जेवलात का, हे मला आधी विचारायचे आहे.

आणि एक गोष्ट स्पष्टच विचारते. देवाने न्यावे असे वाटण्यापलीकडे स्वतः काही करावे, असा विचार येतो का? येत असेल तर उद्यावर टाकू नका. आत्ता मुलाला हाक मारा, घरातल्या जादा गोळ्या त्याच्या हवाली करा आणि रात्री एकटे राहू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही बोलता येते. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे प्रार्थना सोडणे नव्हे.

पती मंडळीसाठी गीते रचत. अर्धी भरलेली वही कपाटात आहे. उघडवत नाही. फेकूनही देववत नाही. – सोलापूर

फेकू नका. उघडायची घाईही करू नका. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा ख्रिस्ताच्या जीवनावरचे त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले होते. ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे पूर्ण केले. तुम्ही गीते लिहायला हवीत, असे मी म्हणत नाही. तूर्त वही स्वच्छ कापडात गुंडाळून वरच्या कप्प्यात ठेवा, वाळवी लागू देऊ नका. ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी मुलीला जवळ बसवून पहिले पान तिला वाचायला सांगा.