रिफ्लेक्टर लावला तरी जहाजाला बोट दिसत नाही, असं कसं?

प्रश्न: माझी साडेसात मीटरची फायबरची शिडाची बोट आहे, डोलकाठीवर ॲल्युमिनियमचा घडीचा रडार रिफ्लेक्टर एका टोकाला दोरी बांधून टांगलाय. मध्यंतरी रात्री एक मालवाहू जहाज फारच जवळून गेलं, व्हीएचएफ रेडिओवर विचारलं तर ऑफिसर म्हणतो स्क्रीनवर काहीच नव्हतं. मित्र सांगतो काठीत चुरगळलेली फॉइल भर. भरू का?

उत्तर: फॉइल नको हो. चुरगळलेल्या फॉइलवरून रडारची लहर वाट्टेल तिकडे उधळते, आणि तुमची काठी ॲल्युमिनियमची असेल तर रडारची लहर मुळात आत जाणारच नाही, मग आत काहीही भरा.

फायबर रडारला जवळपास पारदर्शक असतं. राहिली काठी, तर ती सरळ उभी असेपर्यंत थोडाफार एको (रडारकडे परत जाणारी लहर) देते, पण वाऱ्याने बोट कलली की तोच एको पाण्यात नाहीतर आभाळात जातो. म्हणून रिफ्लेक्टर लागतो, त्यात तीन पत्रे एकमेकांना काटकोनात असतात आणि लहर त्या खोबणीत तीन ठिकाणी आपटून आली त्याच दिशेला परत जाते. पण टोकावर टांगला की खोबणी वर-खाली बघत बसतात आणि जहाजाच्या दिशेला नुसत्या कडा येतात, तुमचं इथेच चुकलंय. एक खोबण बरोबर वर तोंड करून हवी, म्हणजे पाऊस पडला तर तिच्यात पाणी साठेल अशी, त्यासाठी तीन कोपऱ्यांना दोऱ्या बांधा. घडीच्या रिफ्लेक्टरचे पत्रे सैल होतात तेही बघा, काटकोन थोडासा बिघडला तरी एको बराच कमी होतो.

आकारात कंजुषी करू नका, बाजू दुप्पट केली की एको सोळापट होतो. जहाजावर साधारण दोन रडार असतात, ३ सेंटिमीटर लहरीचं एक्स बँड आणि १० सेंटिमीटरचं एस बँड, आणि तोच रिफ्लेक्टर एस बँडवर जेमतेम एक दशांश एको देतो. गंमत म्हणजे (गंमत कसली!) पाऊस आणि खवळलेल्या समुद्रात ऑफिसर एस बँडकडेच वळतात, त्यात लाटांचा कचरा घालवायला सी क्लटरचं बटण फिरवलं की लाटांबरोबर तुम्हीपण स्क्रीनवरून गायब.

२००६ मध्ये इंग्लंडच्या दक्षिणेला ऊझो नावाची छोटी यॉट बुडून तिघे गेले, तिथून एक मोठी फेरी जवळून गेली होती. त्यानंतर तिथल्या अपघात तपास यंत्रणेने बाजारातले रिफ्लेक्टर तपासून घेतले आणि काठीला बांधायच्या बारीक नळीसारख्यांची कामगिरी फारच वाईट निघाली, त्यामुळे स्वस्त आणि सुटसुटीत म्हणून ती नळी घेऊ नका.

खर्च करायचाच असेल तर माझं मत आधी क्लास बी (छोट्या बोटींसाठीचा) एआयएस ट्रान्सपॉन्डर, म्हणजे आपली ओळख जहाजांना आपोआप कळवणारं यंत्र. नुसता रिसीव्हर नको, त्याने जहाज तुम्हाला दिसतं, तुम्ही जहाजाला नाही. ट्रान्सपॉन्डर तुमची जागा आणि वेग व्हीएचएफवरून स्वतःच पाठवतो, लाटांच्या क्लटरचा त्याला त्रास नाही, फक्त तुमचा वेग २ नॉटच्या खाली गेला की संदेश दर ३ मिनिटांनी जातो आणि गर्दीच्या पाण्यात काही जण क्लास बी बोटी स्क्रीनवरून लपवूनही ठेवतात. मग ॲक्टिव्ह रिफ्लेक्टर, तो आलेली लहर मोठी करून परत पाठवतो, बॅटरी लागते, आणि घेताना एक्स-एस दोन्ही बँडवर चालतो का हे विचारूनच घ्या. तरी साधा रिफ्लेक्टर काढू नका, वीज गेली की तोच उरतो. टक्कर टाळायचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियमसुद्धा, सहाव्या नियमात, जहाजांना बजावतात की छोट्या बोटी रडारवर पुरेशा अंतरावरून दिसतीलच असं नाही, तेव्हा तुम्ही दिसताय असं धरून चालूच नका, स्वतःची नजर चालू ठेवा आणि वाट लवकर बदला.

आधी रिफ्लेक्टर नीट टांगा. मग दिवसाउजेडी, रहदारी कमी असताना एखाद्या जहाजाला व्हीएचएफवर विचारा, आम्ही रडारवर किती मैलांवरून दिसतोय आणि कुठल्या बँडवर. उत्तर मिळालं तर बोट तेव्हा किती कललेली होती तेही शेजारी लिहून ठेवा.