‘ट्यूमर’ वेगळा, ‘कार्सिनोमा’ वेगळा

भाऊ, तुम्ही विचारलंय: वडिलांच्या मोठ्या आतड्यातल्या गाठीचा रिपोर्ट ‘न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा, स्मॉल सेल’ आलाय, इरफान खानला होता तोच का, आणि केळीची कापणी आटोपून मुंबईला नेलं तर चालेल का?

नाही चालणार. न्यूरोएंडोक्राइन म्हणजे हार्मोन सोडणाऱ्या पेशींपासून झालेली गाठ. इरफानने २०१८ मध्ये जाहीर केलं ते ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’. तुमच्या कागदावर ‘कार्सिनोमा’ आहे. ट्यूमर बहुधा सावकाश वाढतो, कार्सिनोमा आठवड्यांत यकृत गाठू शकतो. आतड्याच्या शंभर कॅन्सरांत असा एकही निघत नाही, म्हणून ‘न्यूरोएंडोक्राइन म्हणजे हळू’ असं बेधडक सांगणारे भेटतात. त्यांना के-आय-६७ चा आकडा विचारा, म्हणजे गाठीतल्या किती टक्के पेशी वाढत आहेत ते. २० टक्क्यांच्या वर ग्रेड ३, म्हणजे सर्वांत वेगाने वाढणारी श्रेणी, पण त्यात ट्यूमरही बसतो. कार्सिनोमात तो बहुतेकदा ५५ च्या पुढे असतो. रिपोर्टमध्ये सिनॅप्टोफायसिन, म्हणजे न्यूरोएंडोक्राइन पेशी ओळखायची खूण, पॉझिटिव्ह हवं. तशीच दुसरी खूण क्रोमोग्रॅनिन फिकी आली तरी निदान बाद होत नाही. ट्यूमर की कार्सिनोमा अशी शंका उरली तर आर-बी आणि पी-५३ या जनुकांची तपासणी करून घ्या.

मुंबईला नुसत्या स्लाइड नेऊ नका, मेणाचा ब्लॉक, म्हणजे गाठीचा तुकडा मेणात जपलेला असतो तो, मागून घ्या. लॅबवाले टाळाटाळ करतात, तरी हलू नका. ब्लॉकशिवाय नव्या तपासण्या होत नाहीत आणि पुन्हा तुकडा काढावा लागतो. हे मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं, तेव्हा मे महिन्यात तो बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

आणि ‘आधी कापू, मग बघू’ हा हट्ट सोडा. आतडं तुंबलं, फुटलं किंवा रक्त थांबेना तर ऑपरेशन लागतंच. पण पसरलेल्या आजारात जखम भरेपर्यंत किमो अडते, आजार अडत नाही. किमो म्हणजे सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन, सोबत तीन दिवस इटोपोसाइड, दर २१ दिवसांनी. सिस्प्लॅटिन किडनीला जड. आपल्याकडच्या ४४ अंशांत उलट्या सुरू झाल्या, पाणी कमी पडलं की क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, चढतं. उन्हाळ्यात कार्बोप्लॅटिन चालेल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा ताप १००.४ झाला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा. ऑक्ट्रिओटाइडचं महिन्याचं महागडं इंजेक्शन मुख्यतः ट्यूमरसाठी असतं. इथे कोणी लिहून दिलं तर कशासाठी ते विचारा.

गाठ एकाच जागी असेल तर मात्र ऑपरेशन आणि किमो दोन्ही येतात, आणि क्रम पेट स्कॅन बघून ठरतो. पेट स्कॅन साधा, साखरेवर चालणारा एफडीजीच करा. ट्यूमरसाठी वापरतात तो डोटाटेट पेट कार्सिनोमात बरेचदा फसवतो. महात्मा फुले योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, रेशनकार्ड आणि आधार मूळच न्या.