ऑफसेट म्हणजे भरपाई की अंतर?

प्रश्न असा आहे की, बातमीत 'ऑफसेट'चा अर्थ भरपाई निघतो, छापखान्यात ती छपाईची पद्धत असते आणि प्रोग्रॅमिंगमध्ये नुसता एक आकडा. मग मराठीत एकच प्रतिशब्द कोणता धरायचा? एकच धरला तर निम्मी वाक्यं चुकतील. मात्र दोन गट केले की जवळपास सगळे वापर बसतात. पहिल्या गटात एका गोष्टीसमोर उलट दिशेची दुसरी गोष्ट ठेवून तिचा परिणाम कमी केलेला असतो. दुसऱ्यात ठरवलेल्या बिंदूपासून किंवा रेषेपासून काहीतरी किती सरकलं आहे, ते मोजलेलं असतं.

पहिल्या गटात सर्वात जास्त घोळ होतो तो प्रमाणाचा. ऑफसेट म्हटलं की भाषांतरात सरसकट 'तोटा भरून निघाला' असं लिहिलं जातं. खर्च 100 ने वाढला आणि दुसरीकडे बचत 60 ची झाली, तर इंग्रजी वाक्यात 'पार्टली ऑफसेट' येतं. इथे 40 चा फटका शिल्लक आहे, म्हणजे मराठीत 'काही अंशी भरून निघाला' किंवा 'वाढीचा परिणाम थोडा सौम्य झाला' असंच हवं. बचत 130 झाली तर 'मोअर दॅन ऑफसेट': खर्च भरून निघून वर 30 उरले. 'पार्टली' आणि 'मोअर दॅन' हे शब्द गाळले की बातमीचा अर्थच उलटतो, आणि आर्थिक बातम्यांत हे वारंवार होताना दिसतं.

दुसरी अडचण कोणी कोणाला ऑफसेट केलं याची. 'ए ऑफसेट बी' या रचनेत परिणाम कमी होतो तो बी चा. बी बहुधा तोटा किंवा खर्च असतो, पण तसंच असेल असं नाही. नफ्यावर तोट्याने पाणी फिरवलं तरी नफा 'ऑफसेट' झाला असंच म्हणतात. त्यामुळे 'भरपाई' हा शब्द डोळे झाकून वापरू नका. कुणी कुणाची धार कमी केली ते आधी बघा.

'कॉम्पेन्सेट' याच्या जवळचा, पण व्याकरण वेगळं. 'कॉम्पेन्सेट' नंतर 'फॉर' येतं, ऑफसेटनंतर थेट कर्म येतं. 'ऑफसेट फॉर द लॉस' ही चुकीची रचना आहे. शिवाय 'कॉम्पेन्सेट' माणसाला करता येतं, म्हणजे त्याला नुकसानभरपाई देता येते. ऑफसेट रकमेला किंवा परिणामाला करतात, माणसाला नाही. 'अगेन्स्ट' मात्र चालतं: एक रक्कम दुसऱ्या रकमेसमोर लावणे. त्यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे, 'वळती करणे'. येणं आणि देणं एकाच पक्षाशी असेल आणि देण्यातून येणं वळतं करून घेतलं, तर ते ऑफसेटच. कायद्याच्या भाषेत त्यालाच 'सेट-ऑफ' म्हणतात. ताळेबंदात मात्र मनाला वाटलं म्हणून दोन आकडे वळते करता येत नाहीत. आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएएस 32 नुसार आर्थिक मालमत्ता आणि देणं यांची निव्वळ रक्कम दाखवायची तर दोन अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात: वळतं करून घेण्याचा कायदेशीर हक्क आजच हातात हवा, आणि व्यवहार निव्वळ रकमेवर किंवा दोन्ही बाजूंनी एकाच वेळी मिटवायचा इरादा हवा. एक अट जरी सुटली तरी दोन्ही आकडे वेगवेगळे दाखवावे लागतात.

क्रियापदाचं रूप बदलत नाही: वर्तमानात ऑफसेट, भूतकाळातही ऑफसेट. 'ऑफसेटेड' लिहू नका. चालू रूपात तेवढा शेवटचा 'टी' दुहेरी होतो.

कार्बन ऑफसेट पहिल्याच गटातला. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन दुसरीकडे टाळलं किंवा शोषलं गेल्याचा दावा. स्वतःचा धूर त्यामुळे कमी झालेला नसतो, म्हणून 'उत्सर्जन घटवलं' असं भाषांतर सरळसरळ चूक आहे.

छपाईतलं नाव प्रक्रियेवरून आलं आहे. शाई प्लेटवरून थेट कागदावर जात नाही. आधी रबराच्या ब्लँकेटवर उतरते आणि तिथून कागदावर. त्यामुळे प्लेटवर मजकूर सुलटा, ब्लँकेटवर उलटा आणि कागदावर पुन्हा सुलटा येतो. रबर दबतं, म्हणून खडबडीत कागदावरही शाई नीट बसते, आणि कागद प्लेटला घासत नसल्याने प्लेट जास्त टिकते. छापखान्यातला 'सेट-ऑफ' ही मात्र वेगळीच भानगड आहे: ताज्या छापलेल्या कागदाची ओली शाई थप्पीतल्या वरच्या कागदाच्या पाठीला लागणे. ते टाळायला थप्पी लागताना बारीक पावडर फवारतात. वकिलाचा सेट-ऑफ आणि छापखान्याचा सेट-ऑफ एकाच मजकुरात आले तर सांभाळा.

आता दुसरा गट. इथे विचारायचं एवढंच: कशापासून? प्रोग्रॅमिंगमध्ये ॲरेच्या (मेमरीत एकापुढे एक ठेवलेल्या घटकांच्या यादीच्या) सुरुवातीच्या पत्त्यापासून. सुरुवात 1000 वर आणि प्रत्येक घटक 4 बाइटचा असेल, तर तिसऱ्या घटकाचा ऑफसेट 8, पत्ता 1008. मोजणी शून्यापासून असल्याने इथे 12 लिहिण्याची चूक नेहमीची. वेळेच्या बाबतीत यूटीसीपासून, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेपासून: +05:30 चा अर्थ स्थानिक वेळ यूटीसीच्या पुढे, म्हणून यूटीसी काढताना साडेपाच तास वजा करायचे. यात एक फसवी जागा आहे. 'ईटीसी/जीएमटी-5' असं नाव असलेला टाइमझोन प्रत्यक्षात यूटीसीच्या पाच तास पुढे असतो, कारण त्या नावांत चिन्ह उलटं वापरतात.

मोजमापाच्या उपकरणांत ऑफसेट म्हणजे शून्याची चूक. रिकामा काटा 20 ग्रॅम दाखवतो, 500 ला 520 आणि 1000 ला 1020 दाखवतो, तर तो ऑफसेट. 20 वजा केले की काम झालं. पण रिकामा असताना 0, 500 ला 510 आणि 1000 ला 1020 दाखवत असेल तर ती गेनची, म्हणजे वजनाच्या प्रमाणात वाढत जाणारी चूक आहे आणि तिथे वजाबाकी उपयोगाची नाही, गुणक बदलावा लागतो. फक्त 1000 वर तपासलं तर दोन्हींत फरकच कळत नाही. म्हणून कॅलिब्रेशन (उपकरण तपासून जुळवणं) किमान दोन ठिकाणी करायचं, त्यातलं एक शून्य.

गाडीच्या रिमचा ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला (चाक जिथे बोल्टने बसतं त्या भागाला) टेकणारा पृष्ठभाग यांतलं अंतर, मिलिमीटरमध्ये. रुंदी तीच ठेवून ईटी 45 (ईटी म्हणजे हाच ऑफसेट) ऐवजी ईटी 35 ची रिम लावली तर चाक 10 मिमी बाहेर येतं. ईटी तोच ठेवून रुंदी 7 वरून 8 इंच केली तर रिम आत आणि बाहेर प्रत्येकी 12.7 मिमी वाढते. बाहेर मडगार्ड आणि आत सस्पेन्शन, दोन्हीकडची जागा मोजूनच घ्यावी. हा आकडा बहुतेक रिमवर मागच्या बाजूला 'ईटी' या अक्षरांपुढे कोरलेला असतो.