वाचकांचे प्रश्न : आधी पळवा, मग सजवा

मागच्या अंकात रिमोटवर चालणाऱ्या रणगाड्याच्या किटबद्दल या पानावर जरा लिहिलं होतं, त्यावर बरेच प्रश्न आले. सोलापुरातनं एवढे लोक हे करतायत हे बघून लय आनंद झाला. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, पण जे परत परत येतायत ते घेतलेत.

प्रश्न : मामानं तामिया कंपनीचं शर्मन या अमेरिकन टँकचं 1:16 चं (खऱ्याच्या सोळाव्या हिश्शाचं) किट दिलंय. मी सगळे पार्ट फ्रेमवर (पार्ट जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या सांगाड्यावर) असतानाच रंगवून घेऊ का, म्हंजे नंतर नुसतं जोडायचं राहील? (नववीतला विद्यार्थी, जुळे सोलापूर)

नको रे बाळा. दोन कारणं सांगतो. एक तर मॉडेलचं सिमेंट प्लास्टिक विरघळवून दोन पार्ट एकजीव करतं, आणि मधे रंग आला की ते प्लास्टिकपर्यंत पोचतच नाही, जोड वरवरचा राहतो आणि रणगाडा दोनदा पायरीवरनं उतरला की निखळतो. दुसरं म्हंजे फ्रेममधनं पार्ट कापलास की कापल्याजागी पांढरा ठिपका राहतो, तो घासायचा आणि परत रंगवायचा, म्हंजे काम डबल. किटमधे एबीएसचे (हे वेगळ्या जातीचं प्लास्टिक) पार्ट असतील तर त्यांना साधं सिमेंट नीट धरत नाही, एबीएसचं वेगळं मिळतं, पुस्तिकेत कुठं काय लावायचं ते बघूनच बाटली उघड.

पण माझं खरं सांगणं वेगळंच आहे. हा शोकेसमधला रणगाडा नाहीये, हा चालणारा आहे. म्हणून पहिले खालचा भाग पूर्ण कर, गिअरबॉक्स, चाकं, ट्रॅक, बॅटरी, रिमोटचा सिग्नल घेणारा रिसीव्हर, आणि वरचं झाकण न लावता तसाच उघडा फरशीवर पळव. एक दिवस नाही, चांगला आठवडाभर. मी माझ्या पहिल्या रणगाड्याला कुदळ-फावडी, अँटेना, हुक, दिवे सगळं लावून, रंगवून, वरनं धूळसुद्धा मारून मगच पहिल्यांदा चालू केलं, आणि एका बाजूचा गिअर घासतोय हे तेव्हा कळलं. तो उघडताना अँटेना गेली, एक हॅच (आत उतरायच्या दाराचं झाकण) तुटलं, रंगाला ओरखडे पडले. दोन महिन्यांचं काम एका संध्याकाळी गेलं, अजून आठवलं की जीव हळहळतो.

गिअर बसवताना मोटरचा छोटा गिअर आणि मोठा गिअर यांच्यामधे वहीच्या कागदाची पट्टी घाल, मोटर दाबून स्क्रू घट्ट कर, मग पट्टी फिरवून काढ. तेवढी फट बरोबर असते. प्लास्टिकमधे जाणारे टॅपिंग स्क्रू एका दमात पिळू नकोस, एक आटा पुढं, अर्धा मागं असं कर नाहीतर आतला खांब चिरतो. ग्रीस बोटभर थापायचं नाही, दातांवर पातळ थर पुरे.

आणि वेग कमी वाटला तर नाराज होऊ नकोस. खरा शर्मन रस्त्यावर ताशी 40 किलोमीटरच्या आसपास जायचा, त्याला 16 नं भागलं की अडीच किलोमीटर येतात, म्हंजे आजी देवळात जाते त्या चालीनं. रणगाडा तसाच जड आणि संथ चालला पाहिजे, तो रेसिंग कारसारखा सुसाट सुटला की डोळ्यांना लगेच खोटा दिसतो.

प्रश्न : सरळ सोडला तरी डावीकडं ओढतो आणि जागेवर वळवला की ट्रॅक उतरतो. रिमोटवर ट्रिम शेवटपर्यंत नेलं, तरी तेच. (वाचक, अक्कलकोट रोड)

ट्रिम (रिमोटवर स्टिकची मधली जागा बारीक सरकवायची सोय) परत मधे आणा आधी. ट्रिम हे शेवटचं औषध आहे, पहिलं नाही. या रणगाड्यांना दोन मोटरी असतात, प्रत्येक ट्रॅकला एक, आणि आतलं कंट्रोल युनिट रिमोटच्या स्टिकच्या हालचालीचं दोघींत वाटप करतं, एक हळू झाली की रणगाडा त्या बाजूला जातो. आता दोष कुठला ते शोधायला दोन्ही मोटरींचे प्लग युनिटवर आपसात बदला (वळणं उलटी होतील, घाबरू नका, तेवढ्यापुरतंच आहे). ओढ डावीकडंच राहिली तर डाव्या बाजूची मोटर, गिअर किंवा ट्रॅक जड आहे, आणि ओढ उजवीकडं गेली तर युनिटचं मूळचं डावं आउटपुट कमजोर आहे. दहा मिनिटांचं काम आहे, आणि अंदाजानं नवी मोटर मागवायचे पैसे वाचतात.

बहुतेक वेळा कारण ट्रॅकच असतो बरं का. दोन्ही बाजूंचा ताण सारखा पाहिजे. मागच्या आयडलर चाकानं ताण कमीजास्त होतो, बोटानं वरची बाजू दाबून बघा, दोन्हीकडं सारखी दबली पाहिजे. शर्मनला वरनं आधार देणारे रोलर असतात म्हणून त्याचा ट्रॅक फारसा झोळ खात नाही. टायगर या जर्मन रणगाड्याला ते रोलर नाहीत, त्याचा ट्रॅक वरनं चाकांवर लोळल्यासारखा दिसायलाच पाहिजे. त्यामुळं कुणाच्या टायगरचा फोटो बघून शर्मन सैल करू नका, उतरणारच.

आणि एक विचारतो, चालवता कुठं? एका वाचकानं सोलापुरी चादरीवर चालवून फोटो पाठवला होता. फोटो छान आला पण चादर, सतरंजी, गालिचा यावर चालवू नका, दोरे सुटून ड्राइव्ह चाकाच्या दांड्याला गुंडाळतात आणि आत सीलसारखे घट्ट बसतात, मग ब्लेडनं एकेक कापून काढावे लागतात. शिवाय जागेवर वळताना कापड ट्रॅक धरून ठेवतं आणि तो बाहेर फेकला जातो. शहाबादी फरशी सगळ्यात चांगली. अंगणात मुरूम असेल तर चालेल पण नंतर ब्रशनं झाडा. काळ्या रानात मात्र पाऊस पडल्यावर अजिबात नेऊ नका, आपली काळी माती चाकांमधे भरते आणि वाळली की दगड होते.

प्रश्न : एप्रिलमधे एअरब्रशनं रंग मारला तर पृष्ठभाग खरखरीत, वाळू चिकटल्यासारखा. रंग खराब निघाला का? (इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, सात रस्ता)

रंग चांगला आहे ताई, आपलं ऊन्ह कडक आहे. 42-43 डिग्रीला अॅक्रिलिक रंगाचा थेंब नळीतनं सुटून प्लास्टिकवर पोचेपर्यंत हवेतच वाळतो, म्हंजे तुम्ही रंग नाही, रंगाची पूड मारताय. पहाटे सहाला मारा. जवळनं मारा, चार-पाच इंचांवरनं, हवेचा दाब कमी ठेवा आणि रंगात रिटार्डरचे (रंग उशिरा वाळवणारं द्रव) दोन थेंब टाका. सुईच्या टोकावर रंग साठतो तो दर दोन मिनिटांनी थिनरच्या बोळ्यानं पुसत रहा. मास्क लावा आणि खिडकी उघडी ठेवा, उकडलं तरी.

पातळ करायला नळाचं पाणी वापरत असाल तर ते थांबवा. इथं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, ते साठवलेलं असतं आणि बोअरचं असेल तर क्षारच क्षार. गडद हिरव्यावर वॉश (अगदी पातळ रंगाचा हात) दिल्यावर पांढरे डाग येतात ते त्याचेच. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणा, एक कॅन वर्षभर पुरतो. बॅटरीवरनं आठवलं, रणगाडा चालवून आणला की त्याची 7.2 व्होल्टची पॅक तापलेली असते, ती हाताला गार लागेपर्यंत चार्जरला लावायची नाही, मे महिन्यात तर कूलरसमोर ठेवून अर्धा-पाऊण तास थांबायचं.

प्रश्न : मला अमेरिकन नाही, आपल्या सैन्याचा 1965 चा शर्मन करायचाय. वडील सैन्यात होते, त्यांना वाढदिवसाला द्यायचाय. कुठनं सुरू करू? (वाचक, बाळे)

हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं दादा, याच्यावर जरा सविस्तर लिहितो.

पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तरला 8 ते 10 सप्टेंबर 1965 ला जी लढाई झाली त्यात आपल्या बाजूला डेक्कन हॉर्स या रेजिमेंटचे शर्मन होते, 3 कॅव्हलरीचे सेंच्युरियन आणि 8 कॅव्हलरीचे हलके एएमएक्स-13. समोर पाकिस्तानचे अमेरिकी बनावटीचे पॅटन रणगाडे. आपल्या शर्मनमधे काहींना 76 मिलिमीटरची तोफ होती आणि काहींना फ्रेंच 75 मिलिमीटरची लांब तोफ बसवली होती. आता तुमच्याकडं तामियाचं 105 मिलिमीटर हॉवित्झरवालं किट असेल तर त्याची नळी आखूड आणि जाड आहे, नुसता हिरवा रंग बदलून काम होणार नाही, नळी बदलावीच लागेल. पितळी नळी लेथवाल्याकडनं करून घेता येते, एमआयडीसीत छोटी कामं करणारे आहेत, फोटो आणि माप घेऊन जा. मात्र आत रिकॉइलची (तोफ उडाली की नळी मागं जाण्याची) यंत्रणा असते, जड नळी लावली की ती मागं खेचायला अडखळते, म्हणून आतनं पोकळ करून हलकी करा.

मग टरेट, म्हंजे तोफ असलेला वरचा फिरता घुमट. शर्मनचा टरेट ओतीव पोलादाचा आहे, किटवर तो जास्तच गुळगुळीत दिसतो. पातळ केलेली पुट्टी जुन्या ताठ ब्रशनं ठोकत लावा, ओढायची नाही, ठोकायची, वाळल्यावर 600 नंबरच्या वॉटर पेपरनं हलका हात फिरवा. पण वेल्डिंगवाल्या बॉडीच्या सपाट प्लेटांवर हे करू नका, त्या रोलमधनं निघालेल्या असतात, गुळगुळीतच पाहिजेत. हा फरक फोटोत कळत नाही. त्यासाठी एक रविवार काढा आणि करमाळ्यावरनं नगरला जा, तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम बघा. हस्तगत केलेल्या पॅटनचा टरेट ओतीवच आहे, जवळ उभं राहून पाच मिनिटं नुसतं बघा, ओतकामाचा पोत म्हंजे काय ते डोक्यात पक्कं बसतं. मी गेलो तेव्हा सेंच्युरियनच्या वेल्डच्या शिवणींकडंच बघत राहिलो, घरी येऊन फ्रेमचा तुकडा मेणबत्तीवर ताणून त्याची तार काढली, सिमेंटनं मऊ केली आणि ब्लेडच्या पाठीनं टोचत टोचत तशी शिवण केली, पहिल्यांदाच मनासारखी जमली. वडिलांना बरोबर नेता आलं तर न्याच.

चिखलाबद्दल सांगतो, इथं बरेच जण चुकतात. असल उत्तरच्या आसपास शेतात पाणी सोडलेलं होतं, पॅटन त्यात रुतले, म्हणून चिखल दाखवायचाच. पण आपल्या रानातली काळी माती लावू नका! पंजाबची माती नदीनं आणलेली, फिकट, पिवळसर तपकिरी. किराणा दुकानातली मुलतानी माती त्याला जवळ जाते, तिच्यात चिमूटभर गेरू आणि मॅट वार्निश घालून खिरीसारखं करा, खालच्या चाकांना आणि मडगार्डच्या आतनं लावा. वर जाईल तसं पातळ आणि कोरडं. शिडकावा करायचा असेल तर ब्रशचे केस बोटानं मागं ओढून सोडा, आधी पुठ्ठ्यावर करून बघा. ट्रॅकला रबरी पॅड असतील तर आख्खा ट्रॅक चंदेरी करू नका, रबर काळपट राखाडी राहतं, चमकतात ते फक्त कडेचे जोड. ते तर मुद्दाम रंगवूही नका, फरशीवर चालवून आपोआप घासले जातात ते जास्त खरं दिसतं.

कुदळ, फावडं, टो-केबल (ओढायची तारेची दोरी) चिकटवू नका. आतनं बारीक चुंबक बसवा आणि हत्यारांच्या मागं टाचणीचं डोकं कापून लावा, म्हंजे चालवताना काढून ठेवता येतात आणि गाडी उघडताना काही मोडत नाही. टरेटच्या वायरींना आत एक सैल वळसा ठेवा, तो फिरतो तेव्हा ताण येऊन सोल्डर सुटतं. आणि रेजिमेंटचे नंबर, खुणा अंदाजानं टाकू नका, वडिलांना विचारा, त्यांच्या युनिटच्या जुन्या फोटोत दिसेल तेवढंच लावा. वाढदिवसाच्या आधी दोन दिवस बॅटरी पूर्ण चार्ज करून एकदा चालवून बघा, आणि रिमोट पहिला त्यांच्याच हातात द्या.