विलोच्या छाटलेल्या फांद्या टाकून द्यायच्या की त्यांचं काही करता येतं?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमधल्या नव्या घराच्या बागेतला विलो (वाळुंजाचं झाड) हिवाळ्यात छाटून घेतला आणि आता माणसापेक्षा उंच काड्यांचा ढीग पडलाय. कौन्सिलच्या (इथल्या पालिकेच्या) हिरव्या कचऱ्यात मुळीच टाकू नका. मी नैऋत्य इंग्लंडमधल्या सॉमरसेटमध्ये राहतो. इथल्या पाणथळ सखल भागात असल्या काड्यांसाठी विलोची मुद्दाम शेती करतात आणि दर हिवाळ्यात तो जमिनीलगत कापतात.

आधी एकच ठरवा: काडी जिवंत ठेवायची की वाळवायची. पानं गळल्यावर कापलेला विलो मेलेला नसतो. आपल्याकडे कुंपणाला रोवलेला शेवगा किंवा पांगारा जसा फुटतो, तसाच हा ओल्या मातीत फुटतो. मुलांसाठी बोगदा किंवा हिरवं कुंपण करायचं असेल तर मार्च सरायच्या आत पहारीने भोकं पाडा, सरळ लांब काड्या फूटभर खोल खोचा, तिरक्या एकमेकींवरून नेऊन जाळी करा आणि वर बांधा. पहिल्या उन्हाळ्यात पाणी घाला आणि मुळाशी गवत येऊ देऊ नका, एवढी काळजी पुरे. पुढे दरवर्षी छाटणी आलीच. मात्र घर आणि ड्रेनेजचे पाइप यांपासून किमान दहा मीटर लांब. विलोची मुळं पाण्याच्या मागे कुठेही शिरतात.

घेवड्याचे किंवा स्वीट पीचे वेल चढवायला मांडव हवा असेल तर उलट करा. काड्या काही आठवडे आडोशाला वाळू द्या आणि मगच रोवा. ओलीच काडी उलटी खोचली की फुटत नाही असं सांगतात, त्यावर विसंबू नका. आठ-दहा काड्या गोलात रोवून शेंडे सुतळीने बांधायचे, मग बारीक फोक दोन-तीन उंचीवर आडवे विणायचे. दोनेक हंगाम टिकतो, आणि बाजारातल्या हिरव्या प्लास्टिकच्या जाळीपेक्षा कितीतरी छान दिसतो.

आता टोपली. मला सगळ्यात जास्त गोडी याची. आधी तुमचा विलो त्या लायकीचा आहे का ते बघा: पेन्सिलएवढा फोक मुठीभोवती गुंडाळा. कडकन मोडला तर तो कुंपणालाच बरा. वाकला तर जाडीप्रमाणे जुड्या बांधून पूर्ण वाळवा. ताज्या काडीची टोपली लगेच विणायचा मोह होतो, पण काडी वाळताना आकसते आणि आठ दिवसांत वीण खिळखिळी होते. वाळलेली काडी विणण्याआधी भिजवायची. सालीसकट असेल तर लांबीच्या दर फुटाला साधारण एक दिवस, आणि मग रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. बाजारात दिसणारा बदामी विलो उकळून सोललेला असतो. सालीतलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, लाकडात उतरून तो रंग येतो.

बुडाला तीन जाड काड्या मधोमध चाकूच्या टोकाने चिरा, त्या चिरांतून दुसऱ्या तीन आरपार ओवा. फुली झाली. दोन बारीक फोक घेऊन, एक वरून एक खालून असे आलटून पालटून, फुलीभोवती घट्ट दोन फेरे मारा आणि मग काड्या सूर्यकिरणांसारख्या फाकवत विणत जा. पहिले फेरे सैल राहिले की पुढे काही केल्या आवळत नाही. बुड झालं की त्याच्या कडेला उभ्या काड्या खोचा; त्या वर वळवताना वळणाशी आधी नखाने दाबा आणि मग वळवा, म्हणजे तुटत नाहीत.

चित्रकलेसाठी कोळसाही करता येतो. काड्यांचे अंगठ्याएवढे तुकडे सोलून, झाकणाला बारीक भोक पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात ठासून शेकोटीत ठेवा. धूर थांबला की काढा, पण डबा पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका. उत्तम कोळसा मिळतो. काड्या भिजवलेल्या पाण्याने इतर कलमांना मुळं फुटतात, याचा मात्र इंटरनेटवर उगाच गवगवा आहे. फुकट आहे म्हणून करून बघा, भरवसा ठेवू नका.

आणि हो, क्रिकेटची बॅट यातून होणार नाही. तिला पांढऱ्या विलोच्या खास जातीचं सरळ, जाड खोड लागतं. उरलासुरला चुरा कंपोस्टात टाकायचा तर बारीक करून, वाळवून टाका. ओले तुकडे त्या ढिगातच पालवी धरतात.