हेअर मेटलचे दिवस परत येतील का?

प्रश्न : ताई, माझं वय पन्नाशीच्या पुढे. शाळेत होतो तेव्हा थोरल्या भावाच्या मित्राकडून डेफ लेपर्ड, बॉन जोवी या बँडची गाणी कॅसेटवर भरून आणायचो. आता पुतण्या आणि त्याचे तीन मित्र गिटार, ड्रम शिकलेत आणि नेमकं तेच ऐकत बसतात. हेअर मेटलचा, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या त्या केस फुगवलेल्या हेवी मेटल रॉकचा, बँड काढायचा म्हणतात. घरातले सगळे मलाच बोलतात, की संपलेल्या गोष्टीच्या नादी पोरांना लावू नका. ही शैली पुन्हा लोकप्रिय होईल का? — एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : काका, आधी सरळ उत्तर देते. १९८७ साली होती तशी चलती या संगीताची पुन्हा होणार नाही. पण ते संपलेलंही नाही. पोरांना अडवू नका.

तशी चलती का होणार नाही, हे आधी सांगते. त्या काळी या गाण्यांमागे एक मोठी यंत्रणा उभी होती. १ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं आणि गाणं ऐकण्याइतकंच बघण्याची गोष्ट झाली. फुगवलेले केस, मेकअप, चमचमते कपडे त्या पडद्यावर शोभून दिसायचे. १९८३ मध्ये क्वाएट रायट या बँडचा अल्बम अमेरिकेच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. हेवी मेटलमध्ये असं पहिल्यांदाच घडलं होतं. मग कंपन्यांनी लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवरच्या क्लबांमधून बँड उचलायचा सपाटाच लावला. एका वाहिनीवर गाणं लागलं की देशभरातली पोरं ते एकाच आठवड्यात गुणगुणायची. आज तुमच्या घरातल्या चार जणांच्या कानांत चार वेगळी गाणी चालू असतात. ती यंत्रणा गेली, ती काही परत येत नाही.

ही शैली पडली कशी, हे लोक एका वाक्यात उरकतात : निर्वाणा हा बँड आला आणि सगळं धुऊन गेलं. त्यांचा ‘नेव्हरमाइंड’ अल्बम सप्टेंबर १९९१ मध्ये आला आणि जानेवारी १९९२ मध्ये त्यानं मायकेल जॅक्सनचा ‘डेंजरस’ पहिल्या क्रमांकावरून खाली खेचला, हे खरंच आहे. पण माझ्या मते घर आतून आधीच पोकळ झालं होतं. प्रत्येक अल्बमवर एक हळवं गाणं हवंच, कारण रेडिओवर तेच वाजायचं. सुरुवातीला साधी गिटार, दुसऱ्या कडव्याला ड्रम, मग एकट्या गिटारचा सोलो, मग शेवटी स्वर चढवायचा. दहा बँडची दहा गाणी एकापाठोपाठ लावली तर कुठलं कुणाचं ते कळू नये, इतकी ती सारखी झाली. पोरांना हे नीट समजावून सांगा. नुसती नक्कल केली तर त्यांचीही तीच गत होईल.

आता आशेची बाजू. त्या काळच्या मॉटली क्रू या बँडनं २०१४ साली यापुढे दौरे करणार नाही अशा करारावर सह्या केल्या, ३१ डिसेंबर २०१५ ला शेवटचा कार्यक्रमही केला, आणि २०२२ मध्ये डेफ लेपर्ड आणि पॉयझनसोबत पुन्हा स्टेडियम गाजवली. पण जुन्या नावांना गर्दी होणं म्हणजे शैली परत येणं नव्हे. त्या तिकिटात माणूस आपलं तरुणपण विकत घेतो आणि त्यात काही गैर नाही. मला जास्त मोलाचे वाटतात ते स्वीडनचे क्रॅशडाएट आणि हीटसारखे बँड. हे दोन्ही २००० नंतर पुढे आले आणि याच घाटात नवी गाणी लिहू लागले. एवढं लांबही जायला नको. सिक्कीममधल्या गंगटोकचा ‘गिरीश अँड द क्रॉनिकल्स’ हा बँड २००९ पासून हेच संगीत करतोय आणि त्यांचा अल्बम इटलीच्या फ्रंटियर्स कंपनीनं काढलाय. गंगटोकला जमलं ते सोलापूरला का जमू नये?

मग या शैलीतलं काय धरून ठेवायचं? माझ्या मते कोरस, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायचं ध्रुवपद. केस आणि कपडे राहू देत बाजूला. डेफ लेपर्डचा १९८७ चा ‘हिस्टीरिया’ अल्बम हेडफोन लावून ऐका. ड्रमर रिक अ‍ॅलननं १९८४ च्या शेवटी अपघातात डावा हात गमावला होता, तरी तो त्या अल्बमवर आहेच, आणि निर्माता मट लँगनं ध्रुवपदात आवाजांवर आवाज असे चढवलेत की चार-पाच माणसांची शंभर वाटावीत. आपल्या गणपतीच्या मिरवणुकीत मंडळाचं लेझीम एका ठेक्यावर पडतं तेव्हा बघणाऱ्याचेही पाय हलतात ना, तसं ते ध्रुवपद आहे. माणसाला एकत्र ओरडून गायची भूक असते, आणि ही शैली ती भूक भागवायला जन्माला आली होती.

माझ्याकडे शिकायला येणारी मुलं नेमकी इथेच कमी पडतात. गिटारवादक व्हॅन हेलननं १९७८ साली दाखवलेलं टॅपिंग, म्हणजे दोन्ही हातांच्या बोटांनी तारांवर ठोकत वाजवणं, ती घोटून घोटून आणतात, बोटं अशी पळतात की बघत राहावं. पण ध्रुवपद आलं की गातो एकटाच, बाकीच्यांचे डोळे बोटांखालच्या फ्रेटवर. पुतण्याला म्हणावं, एका तालमीत गिटारी खाली ठेवा. चौघं एका मोबाइलभोवती उभे राहा, टाळीवर गा, रेकॉर्ड करा, लगेच ऐका. कुणी हार्मोनियम शिकलेला असेल तर एकानं सा, दुसऱ्यानं ग, तिसऱ्यानं प धरा. पहिल्यांदा कानाला बोचेल. चालू द्या.

आणि गाणी मराठीत लिहा, हे मी अगदी कळकळीनं सांगते. मुंबईच्या रॉक मशीन या बँडनं १९८८ मध्ये इंग्रजीत याच धाटणीचा अल्बम काढला आणि १९९३ मध्ये इंडस क्रीड नाव घेतलं, तेव्हा त्यांच्या संगीतात इथल्या मातीचे सूर आले. तुमच्या पोरांनी ते पहिल्याच दिवसापासून करावं. एक अडचण येईल. या शैलीत ध्रुवपदाचा शेवटचा स्वर उंच आणि लांब असतो. तिथे ‘रात’, ‘पाऊस’ असे व्यंजनावर संपणारे शब्द आले की गळा मिटतो. ओळीच्या टोकाला आ, ए, ओ ठेवा, आवाज आपोआप मोकळा होईल. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातलं, घरात तेलुगू बोलणारं कुणी त्या चौघांत असेल तर त्याला जरूर लिहायला बसवा. तेलुगूतले बहुतेक शब्द स्वरावरच संपतात, गायला फार सोयीचे. दोन भाषांचं ध्रुवपद सोलापुरात कुणाला परकं वाटणार नाही.

प्रश्न : एटीजच्या गाण्यांसाठी फ्लॉइड रोज ब्रिजची गिटार घ्यायलाच हवी का? — एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : नाही. ब्रिज म्हणजे गिटारच्या धडावर तारा जिथे टेकतात तो भाग. पहिली गिटार फिक्स, म्हणजे न हलणाऱ्या ब्रिजची घे, ब्रिजजवळ हंबकर पिकअप (तारांचा आवाज टिपणारा दुहेरी गुंडाळीचा भाग) असला की झालं. फ्लॉइड रोज हा दांड्यानं हलवून सूर चढवता-उतरवता येणारा ब्रिज. त्यात तारा दोन्ही टोकांना आवळलेल्या असतात, म्हणून दांडा कितीही दाबला तरी सूर जागेवर येतो. पण ब्रिज तरंगता असला तर मागच्या स्प्रिंगा आणि तारा एकमेकींना तोलून धरतात. कार्यक्रमात एक तार तुटली की स्प्रिंगा जिंकतात, उरलेल्या पाचही तारांचा सूर चढतो आणि गाणं तिथेच थांबतं. तार बदलायची तर अ‍ॅलन की (षटकोनी चावी) शोधा, तारेच्या टोकाचा गोळा कापा, सगळं पुन्हा जुळवा. तशी गिटार आधीच विकत घेऊन बसला असशील तर मागचं झाकण उघड, सुताराकडून मापाचा लाकडी ठोकळा करून घे आणि ब्रिजखालचा धातूचा ठोकळा स्प्रिंगांच्या ओढीनं सरकणार नाही असा त्या पोकळीत बसव. दांडा ओढून सूर चढवता येणार नाही, पण तार तुटली तरी उरलेल्या पाचांवर गाणं पुरं होईल.